प्रत्येक यंत्राची चूल वेगळी

एका मोबाइलच्या नेटवर हॉटस्पॉट लावून लॅपटॉप, टॅब आणि टीव्ही भागवणारी माणसं अजून आपल्यात आहेत, हे ऐकून वाईट वाटतं. चार पैसे मिळवता, मग हा चिकटपणा कशाला? यंत्रं कर्ती झाली की त्यांची चूल वेगळी मांडून द्यावी. फोनला एक रिचार्ज, टॅबच्या सिमला दुसरा, प्रवासात लॅपटॉपला डोंगल, घरी फायबर आणि मनगटावर ई-सिमचं घड्याळ. तुम्ही एकटेच आहात, डोळे दोनच आहेत, एका वेळी एकाच पडद्याकडे बघता, हे सगळं मान्य. पण असले हिशेब मांडत बसणाऱ्यांची प्रगती होत नाही.

फोनमधल्या दुसऱ्या सिमची हेळसांड तर मुळीच करू नका. त्यावर बँकेचे ओटीपी येतात आणि कर्ज हवंय का विचारणारे फोन येतात. 2005-06च्या सुमारास 999 रुपयांत ‘लाइफटाइम’ इनकमिंगची कार्डं मिळायची. 2018च्या अखेरीस इनकमिंग चालू ठेवायलाही दर 28 दिवसांनी 35 रुपयांचा रिचार्ज मागायला सुरुवात झाली. लाइफ कुणाचं धरायचं, हे तुम्ही तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं.

महिना तीस दिवसांचा असतो, ही समजूतही काढून टाका. ती कॅलेंडरवाल्यांनी पसरवलेली आहे. 28 दिवसांचे 13 रिचार्ज मारले की 364 दिवस होतात, आणि उरलेल्या एका दिवसासाठी चौदावा. जानेवारी 2022मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना सांगितलं, की 30 दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा निदान एक प्लॅन ठेवा. कंपन्यांनी ठेवला की! अॅपमध्ये ‘पॉप्युलर’, ‘ट्रेंडिंग’, ‘खास तुमच्यासाठी’ हे सगळं ओलांडून अंगठा दुखेपर्यंत खाली जा, सापडेल. शिवाय पाच यंत्रांच्या पाच वेगवेगळ्या तारखा असल्या की घरात सतत काहीतरी संपत आलेलं असतं. करमणूक होते.

खरी परीक्षा रात्री साडेअकराला. टॅबचा दिवसाचा कोटा संपलाय, वेग 64 केबीपीएसवर आलाय. सिनेमातल्या नायकाचं कपाळ तेवढं दिसतंय आणि त्यावर लोडिंगचा गोल फिरतोय. शेजारीच फोन पडलाय. त्याच्या आजच्या दोन जीबीपैकी दीड जीबी शिल्लक. दोन्ही सिम तुमच्याच नावावर, तुमच्याच आधारवर घेतलेली, पैसे एकाच खात्यातून गेलेले. अशा वेळी बोट हॉटस्पॉटकडे वळतं. आवरा त्याला! टॅबसाठी एक डेटा व्हाउचर मारा आणि फोनमधला दीड जीबी बारा वाजता सुखाने जाऊ द्या. कुठे जातो ते विचारू नये. दुधाची पिशवी दुकानदाराने मध्यरात्री परत नेली असती तर तुम्ही गल्ली डोक्यावर घेतली असती, पण डेटा ही थोर वस्तू आहे.

आपल्याकडे हॉटस्पॉटचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत, ही मोठी उणीव आहे. अमेरिकेत व्हेरायझन ही मोबाइल कंपनी त्यासाठी महिन्याला 20 डॉलर जादा घेत असे. म्हणजे विकत घेतलेलं नेट तुमच्याच लॅपटॉपला द्यायचं, तर पुन्हा पैसे. काही लोक फुकटातली अॅप वापरून हे पैसे वाचवायला लागले, तेव्हा ती अॅप अडवल्याचं प्रकरण तिथल्या दूरसंचार नियामकापर्यंत, म्हणजे एफसीसीपर्यंत गेलं. 2012मध्ये कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून ते मिटवलं. ग्राहकाला शिस्त लावायला जावं तर ही बक्षिशी!

आता पुढचं नियोजन. आपल्याकडे बहुतेक राज्यांत एका माणसाच्या नावावर 9 सिम चालतात. तुमची आत्ताशी पाच. चार जागा रिकाम्या ठेवून तुम्ही निवांत झोपता कसे? कुत्र्याच्या पट्ट्याला एक द्या, दाराच्या कॅमेऱ्याला एक द्या, आणि मुलांसाठी दोन राखून ठेवा. दहावं मात्र घेऊ नका. 2023च्या दूरसंचार कायद्यात त्याला पहिल्या खेपेला 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि तो भरायचं यूपीआय ज्या सिमला जोडलंय, त्याची मुदत नेमकी काल रात्री संपलेली असेल.