बांधावरचे रविवार

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला येत्या येळवशीला दोन वर्षं होतील. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमच्याकडचा रानात जाऊन जेवायचा सण. त्यानंतर सहा महिने मला धड झोप नव्हती. रात्री दोनला डोळे उघडायचे ते उघडेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्यांचा उपयोग झाला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ही पोस्ट वाचून कुणीतरी गोळ्या फेकून रानाकडे निघायचा.

मधे एका शिबिरालाही पैसे भरून जाऊन आलो. निसर्गाच्या सान्निध्यात मनःशांती, दोन दिवस, जेवणासकट. आम्हाला डोळे मिटायला लावून माईकवरून सांगायचे, ‘आता झऱ्याचा आवाज ऐका.’ खरा झरा पन्नास पावलांवर होता. माईकमुळं तो ऐकू येत नव्हता.

आमचं शेत औसा तालुक्यात. धाकटा भाऊ कसतो. मी नोकरीवाला, म्हणजे सणासुदीचा शेतकरी. गोळ्या कमी होत आल्या तसा रविवारी सकाळी एकटाच गाडी काढून जायला लागलो. विहिरीजवळ बांधावर एक बाभूळ आहे, तिच्याखाली बसायचं. मोबाइल डिक्कीत. पहिले तीन-चार रविवार नुसता कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पायावर मुंग्या चढायच्या, डोक्यात ऑफिसच्या फायली. शेजारच्या रानातले काका येऊन विचारून गेले, “बसून काय करलालाव?” काहीच नाही म्हटलं, तर त्यांनी भावाला गाठून माझी चौकशी केली.

आषाढात बाभळीवर सुगरणी आल्या. विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना घरटी लटकायला लागली. लहानपणापासून पाहत आलोय, पण बघितलं ते पहिल्यांदा. विणणारा नर असतो, डोकं पिवळंजर्द. उसाच्या पानाची कड चोचीत धरायची, एक चीर पाडायची आणि उडायचं. उडता उडताच सुतळीसारखी पट्टी सुटून येते. घरटं अर्धं झालं, उलट्या टोपीएवढं, की तो पुढं विणत नाही. त्याला लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत डोकावते, दोन काड्या ओढून बघते. पटलं तर राहते, मग तो खालची नळी विणायला घेतो. नाही पटलं तर भुर्र. एका नराची तीन घरटी माझ्यादेखत अशी अर्धी राहिली. चौथं त्यानं शेजारच्याच फांदीवर सुरू केलं.

यावरून जिद्दीवर चार ओळी लिहिता येतील, शाळेच्या फळ्यावर शोभतीलही. माझं एवढंच झालं की दोन तास अण्णा आठवले नाहीत. आणि आठवले तेव्हा नाकात नळी घातलेले नाही, ह्याच विहिरीत कमरेला दोर बांधून मला पोहायला शिकवणारे आठवले. त्या रात्री सलग झोपलो.

शिकलेल्या लोकांनी यावर कामही केलंय. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या एका दवाखान्याच्या जुन्या नोंदी तपासून १९८४ मध्ये दाखवलं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि दुखण्यावरची जालीम औषधंही त्यांना कमी लागली. जपानच्या वनखात्यानं तर १९८२ मध्ये झाडीत जाऊन राहण्याला ‘शिनरिन-योकू’ असं नावच दिलं. त्याचा अर्थ वनस्नान. वाचून बरं वाटलं आणि हसूही आलं. आम्ही लातूरची माणसं. २०१६ च्या उन्हाळ्यात आमचं प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. स्नानापुरतं वन आणायचं कुठून? येडशीचं रामलिंगचं जंगल आहे जवळ, सुंदर आहे. पण श्रावणात तिथं धबधब्याखाली रील काढणाऱ्यांची रांग असते आणि चिप्सच्या पुड्यांवर टपलेली माकडं. आपल्याकडं एक बाभूळ, एक लिंब, पडीक माळ, एवढ्यातच भागवावं लागतं. आणि भागतं. एकाच जागी परत परत गेलं पाहिजे, इतकंच.

‘निसर्ग आपली आई आहे’ हे मात्र माझ्या तोंडून निघत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, काय उरलं तिथं? दगडामातीची जाड भिंतींची घरं माणसांच्या अंगावर आली, हजारो गेले. आमच्या गावात भिंती फाटल्या. अण्णांनी महिनाभर आम्हाला रानात झोपवलं. रात्री जमीन जरा जरी हलली तरी आई उठून बसायची, आणि उठून जाणार कुठं, खाली तीच जमीन.

त्या वर्षी ज्वारी पेरताना अण्णांनी नेहमीसारखी माती कपाळाला लावली. मी तेव्हा कॉलेजात, अंगात रग. म्हटलं, हिच्या काय पाया पडताव? अण्णा चाड्यावर मूठ धरत म्हणाले, “तिला काय ठाव, आपुन वर झोपलाव म्हणून.”

तेव्हा मला ते अडाण्याचं उत्तर वाटलं होतं. आता बाभळीखाली बसल्यावर तेच वाक्य धरून बसतो. घरी बायको, पोरं, ऑफिसातली माणसं, सगळे माझ्या तोंडाकडं बघतात, आज बरा आहे का म्हणून. रानात माझ्याकडं कुणी बघत नाही. सुगरणीला माझं सुतक माहीत नाही. माझ्या दुःखाला तिथं काडीचा भाव नाही, आणि त्याचाच आराम पडतो. याला अध्यात्म म्हणायचं की नाही, ते गावातल्या महाराजांना विचारा. मला कीर्तनात कधी असं झालं नाही.

भावाला हे सांगायला गेलो तर म्हणाला, “तुला बरं वाटलालंय, मला सोयाबीनवर अळी दिसलालीय.” बरोबर आहे त्याचं. त्याच बांधावर उभं राहून त्याला सोसायटीचं कर्ज दिसतं, पडलेला भाव दिसतो, रात्री बाराला येणारी लाईट दिसते. ज्याचं पोट त्या मातीवर आहे त्याला ‘तिच्यात शांती शोध’ म्हणणं हा पगारदाराचा माज आहे. हे कबूल करूनच लिहितोय.

वर्षातून एक दिवस तोही हिशोब सोडून बसतो, येळवशीला. कडब्याची कोप, आत चुना लावलेले दगडांचे पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली गार आंबील. मागच्या येळवशीला, अण्णांच्या पहिल्या वर्षाला, जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाभळीखाली पडलो होतो. पानगळीत सुगरणीची वाळकी घरटी वाऱ्यानं हलत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, हिच्या सावलीनं पिकाची दोन तासं, दोन ओळी, पिकत नाहीत, काढून टाकावी म्हणतो. मी गप्प. त्यानं वर बघितलं, घरटी मोजली, नऊ भरली.

“यंदा राहू दे,” म्हणाला, “पुढच्या साली बघू.”

पुढचं साल आता आलंय.