घेऊ की थांबू?

आमच्या नात्यागोत्यात 'त्यांना त्यातलं कळतं' अशी माझी ख्याती आहे. 'त्यातलं' म्हणजे नेमकं कशातलं, हे कुणी विचारत नाही. ज्याला चार्जर लागतो, पडदा असतो आणि जे पडलं की फुटतं, ते सगळं त्यातलं. कुणाचा प्रिंटर अडतो, कुणाचा पासवर्ड हरवतो, आणि माझा फोन वाजतो. हे मी निमूट सोसतो, कारण प्रिंटर निदान समोर असतो. त्याला दोन थपडा मारता येतात. खरा छळ सुरू होतो तो अजून जन्माला न आलेल्या वस्तूबद्दल विचारतात तेव्हा.

"भावोजी, नवा टॅबलेट येतोय. काय काय असेल हो त्यात?"

हा माझा मेहुणा. त्याला टॅबलेट घ्यायचाय. कधीपासून घ्यायचाय, याचा हिशेब आता घरात कुणी ठेवत नाही. सध्या जो आहे त्याचा एक कोपरा तडकलाय, त्यावर चिकटपट्टी आहे आणि चार्जिंगची पिन सैल झालीय. वायर डावीकडून वर घेऊन थोडी मुरगळायची, त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवायचा आणि श्वास रोखून हात काढून घ्यायचा. मग पडद्यावर विजेचं चिन्ह उमटतं. शेजारून कुणी पाय आपटत गेलं की विझतं. त्या शब्दकोशाला त्या घरात एवढंच काम आहे. इतकं असूनही नवा घ्यायचा नाही, कारण पुढचा येतोय.

"काय असेल त्यात?" हा प्रश्न दिसायला गरीब आहे. त्याच्या पोटात "घेऊ की थांबू?" हा दुसरा प्रश्न दडलेला असतो, आणि त्याच्याही पोटात "नंतर पस्तावलो तर कुणाला धरू?" हा तिसरा. म्हणून मी ठरलेली उत्तरं देतो. पातळ असेल. वेगवान असेल. पडदा जास्त उजळ असेल. बॅटरी दहा तास चालेल.

ही दहा तासांची गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. अॅपल कंपनीचा पहिला टॅबलेट, म्हणजे पहिला आयपॅड, २०१० साली आला तेव्हा कंपनीने दहा तासांचा वायदा केला होता. त्यानंतर चिप किती वेळा बदलली, पडद्याचं तंत्र बदललं, पिन बदलली, पण वायद्यातले दहा तास जागचे हलले नाहीत. बॅटरी सुधारते, चिपही कमी वीज खाते, मग ती वाचलेली वीज जाते कुठे? अंग सडपातळ करण्यात आणि पडदा लखलखीत करण्यात. पगारवाढ झाली तरी महिनाअखेर तीच, तसला प्रकार. त्यामुळे कुणी शपथेवर "पुढच्याची बॅटरी वीस तास चालणार" असं सांगू लागला, की मी शांतपणे चहाचा कप उचलतो.

जाडीचं भाकीतही तसंच हुकमी. पहिला आयपॅड १३.४ मिलिमीटर जाड होता. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, दुसरा आला तो ८.८ मिलिमीटरचा. २०२४ चा तेरा इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटरवर आला. मी एकदा मेहुण्यासमोर कागदावर त्रैराशिक मांडलं. चौदा वर्षांत ८.३ मिलिमीटर गेले, म्हणजे याच वेगाने २०३२-३३ च्या सुमारास जाडी शून्य होईल, आणि त्यानंतर टॅबलेट उणे जाडीचे निघतील, दप्तरात ठेवला की दप्तरात जागा वाढेल. मला वाटलं, आता हसेल. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग तोपर्यंत थांबू म्हणता?"

दिवसा त्याला नोकरी असते, म्हणून संशोधन रात्री चालतं. मी अंथरुणावर पडलो की फोन थरथरतो. फोटो आलेला असतो. राखाडी पत्र्याचा तुकडा, खाली कुणाचं तरी टेबल, कडेला कुणाचा तरी अंगठा, आणि या सगळ्यावर कुणीतरी काढलेलं लाल वर्तुळ. वर्तुळात एक भोक.

"हे भोक कसलं असेल, भावोजी?"

मी फोटो मोठा करतो. भोक मोठं होतं. आणखी मोठा करतो. भोकाचे चौकोन होतात. माइक असेल, दिवा असेल, स्क्रू असेल, किंवा ज्याने फोटो काढला त्याच्या कॅमेऱ्यावर बसलेला कचरा असेल. मी "माइक असावा" असं लिहून पाठवतो आणि फोन उलटा ठेवतो. दुसऱ्या रात्री दुसरा फोटो येतो. त्यात भोकच नसतं. खाली मेहुण्याचा आक्रोश, "काढलं हो त्यांनी!" जी वस्तू आलेली नाही, तिच्यात नसलेलं भोक नाहीसं झाल्याचं दुःख त्या माणसाला खरोखर झालेलं असतं. बायको झोपेत विचारते, "कोण गेलं?"

सगळ्याच वावड्या असतात असंही नाही. टॅबलेटची कव्हरं बनवणाऱ्यांना नवी वस्तू बाजारात येईल त्या दिवशी कव्हरं हजर ठेवायची असतात, म्हणून ते आधीपासून मापांच्या मागावर असतात. माप हाती लागलं की धातूचा एक मुका नमुना बनवतात. आकार तोच, आत काही नाही. आपण रात्री बघतो ते बऱ्याचदा हेच ठोकळे. रेडिओ लहरी सोडणारं कुठलंही यंत्र विकण्याआधी सरकारी मंजुरी लागते, त्या कागदांत मॉडेलचे क्रमांक सापडतात. आणि सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत एखादी ओळ राहून जाते, ती कुणीतरी चिकाटीने शोधून काढतं. या तीन वाटांनी लांबी, रुंदी, बटणांच्या जागा बऱ्यापैकी बरोबर कळतात. अडचण एवढीच, की मापावरून वस्तू कळत नाही. खोक्याची लांबी-रुंदी कळली म्हणून आतली मिठाई कळत नाही, असं मी मेहुण्याला म्हणालो, तर त्याने त्या खोक्याचाही फोटो मागितला.

आणि ज्यांचा हा धंदा, ते तरी कुठे बरोबर निघाले? नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी संगणकांच्या भर प्रदर्शनात सांगितलं होतं, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा संगणक टॅबलेटच्या रूपातला असेल. २००६ उजाडलं आणि लोक मुकाट्याने लॅपटॉप घेत राहिले. ज्यांच्या हातात कारखाने, इंजिनियर आणि पैसा, त्यांच्या भाकिताची ही गत. मग शब्दकोशाखाली वायर दाबणाऱ्या माझ्या मेहुण्याने काय करावं?

जानेवारी २०१० चा घोळ तर याहून बहारदार. पहिला आयपॅड येण्याआधी जाणकारांनी त्याचं बारसंसुद्धा उरकलं होतं. नाव 'आयस्लेट' असणार. कॅमेरा असणार. किंमत हजार डॉलरच्या जरा आत, म्हणजे ९९९. २७ जानेवारीला अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स मंचावर आले, मागच्या पडद्यावर ९९९ चा आकडा मुद्दाम मोठा करून दाखवला आणि त्याच्या डोक्यावर ४९९ आणून आदळला. नाव 'आयपॅड' निघालं. कॅमेरा एकही नव्हता. तो पुढच्या वर्षी आला, दोन दोन. म्हणजे अर्ध्या जगाने महिनोन्महिने डोकं चालवून नाव चुकवलं, किंमत दुपटीने चुकवली आणि नसलेला कॅमेरा बसवला. एवढं होऊनही एकाही भाकितकाराची दुकानदारी बंद पडली नाही. ते पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आयपॅडचं सांगायला मोकळे.

यात मला सर्वांत जास्त आवडतो तो अॅलन के नावाचा शास्त्रज्ञ. १९७२ साली, टेबलावर ठेवण्याजोगा संगणकच जिथे दुर्मीळ, तिथे या गृहस्थाने 'डायनाबुक' नावाची पाटी कागदावर मांडली. वहीएवढी, चार पौंडांच्या आत वजन, मुलांनी हातात घेऊन हिंडावं अशी, आणि लक्ष्य किंमत पाचशे डॉलर. तेव्हाचे डॉलर आणि आताचे डॉलर यांत जमीनअस्मानाचा फरक, हे मान्य. पण अडतीस वर्षं आधी सांगितलेलं जुळलं आणि आठ दिवस आधी सांगितलेलं फसलं, ही गंमत उरतेच. मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "ते आत्ता काय म्हणतायत?"

स्वतः बनवणाऱ्याच्या शब्दावरही विसंबता येत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये जॉब्स यांनी सात इंची टॅबलेटची यथेच्छ टर उडवली होती. पडदा इतका लहान, की सोबत सँडपेपर द्यावा लागेल, बोटं घासून बारीक करायला. बरोबर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्यांच्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी आणला. सँडपेपर खोक्यात नव्हता. पडद्यावर टेकवायची काडी, म्हणजे स्टायलस, कुणाला हवी, असं जॉब्स यांनी २००७ मध्ये हिणवून झाल्यावर २०१५ मध्ये आयपॅडसाठी कंपनीची 'पेन्सिल'ही आली. एखाद्या कंपनीने 'हे आम्ही कधीच करणार नाही' म्हटलं, की मी त्या गोष्टीसाठी ड्रॉवरमध्ये जागा करून ठेवतो.

उलटही होतं. मायक्रोसॉफ्टच्या 'कुरियर'ची चित्रं २००९ मध्ये बाहेर फुटली. पुस्तकासारखा उघडणारा, दोन पडद्यांचा टॅबलेट. बातमी खरी होती, आत त्यावर काम चालू होतं. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. म्हणजे खबर शंभर टक्के पक्की आणि भाकीत साफ खोटं.

तर मागे एकदा आम्ही सासुरवाडीला जमलो होतो आणि मेहुणा जेवणानंतर सगळ्यांना येऊ घातलेल्या टॅबलेटची माहिती देत होता. पडद्याचा प्रकार, चिपमधले गाभे, कडांची रुंदी. सासूबाई बडीशेप निवडत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पडला तर फुटतो का?"

"तसं अजून काही बाहेर आलेलं नाही, आई."

"आवाज मोठा होतो?"

"चार स्पीकर असतील असं म्हणतात."

"चार कशाला? एकाचा होऊ दे. आणि त्यात बेरीज-वजाबाकी करता येते ना?"

मेहुणा खो खो हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आयपॅडला २०१० पासून कॅल्क्युलेटरच नव्हता. फोनमध्ये होता, लॅपटॉपमध्ये होता, यात नाही. चित्रपट संपादित करा, घराचे आराखडे काढा, पण सात आठे किती हे विचारायचं तर दुसऱ्या कुणाचं अॅप उतरवून घ्या. जून २०२४ मध्ये, चौदा वर्षांनी, कंपनीने तो येत असल्याचं जाहीर केलं. आला तोही असा थाटात, की हाताने गणित लिहिलं की उत्तर आपोआप उमटतं. पुढच्या टॅबलेटमध्ये काय येणार यावर इतकी शाई सांडली, पण पहिल्याच्या वेळी कुणी म्हणालं नाही की यात साधी बेरीज नसणार. भोकांवर लक्ष होतं सगळ्यांचं.

सासूबाईंनी तेवढ्यात मेहुण्याला आणखी एक विचारलं, "नवा कधी येणार म्हणालास?" त्याने महिना सांगितला, आठवडा सांगितला, वारही सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि बडीशेपेचा डबा बंद केला.

त्या आठवड्यात नवा टॅबलेट खरोखरच आला. वार मात्र चुकला. मेहुण्याने रात्री जागून सोहळा पाहिला आणि सकाळी मला फोन केला. आवाज उतरलेला. सगळं ठीक आहे, पण रंग मनासारखा नाही, आणि ज्या गोष्टीसाठी थांबलो ती म्हणे पुढच्यात येणार आहे.

रविवारी आम्ही पुन्हा तिकडे गेलो, तर सासूबाई सोफ्यावर टॅबलेट घेऊन बसलेल्या. जाड रबरी कव्हर, अक्षरं एवढी मोठी की मला दारातून वाचता यावीत. मेहुण्याने तो हातात घेतला, उलटा केला, कडेला नख लावून जाडी पाहिली आणि किंचाळला, "आई, हा मागच्या वर्षीचा आहे!"

"मग? नवा येतोय असं तूच सांगितलंस ना? नवा आला की जुन्याची किंमत उतरते. मी वाट बघत होते." त्यांनी टॅबलेट परत घेतला, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, याच्यापुढचा कधी येतोय, ते जरा नीट बघून सांगा. माझ्या बहिणीला घ्यायचाय."