ऑल्टोचे वीस हॉर्सपॉवर आणि दोन बादल्या हवा

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. शेवटचा पाठवणारा माझा साताऱ्याचा भाचा. त्याने खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, करून टाकू का?" त्याच्याकडे ऑल्टो ८०० आहे आणि ती हल्ली चढाला दम टाकते अशी त्याची तक्रार आहे. फोनवर समजावण्याइतकं हे प्रकरण छोटं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मेसेजचा सारांश असा: कंपन्या छोट्या गाड्यांचं इंजिन मुद्दाम दाबून ठेवतात. जपानमध्ये हीच ऑल्टो ६६० सीसीत ६४ हॉर्सपॉवर देते, आपल्याला मात्र ८०० सीसीत ४८ वर समाधान मानायला लावतात. अठरा हजार खर्च करा आणि तुमचे हॉर्सपॉवर परत मिळवा: ओपन एअर फिल्टरने पाच, कॅट-कॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून फ्री-फ्लो म्हणजे मोकळा सायलेन्सर लावल्याने सात, इरिडियम स्पार्क प्लगने तीन आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायच्या 'चिप'ने पाच. एकूण वीस. वर १४ इंची रुंद टायर टाकले की गाडी 'चिकटून' पळते. आणि पीयूसी पास झाली की सगळं कायदेशीर.

बेरीज बरोबर आहे, तेवढं मान्य करतो.

आधी त्या वीसच्या आकड्याकडे बघू. ऑल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) ४८ पीएस देणारं. (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, बोलताना सगळे हॉर्सपॉवरच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) त्यात वीस मिळवले की होतात ६८. हा आकडा ओळखीचा वाटला का? २०१० साली आलेल्या ऑल्टो के-१० चे बरोबर ६८. तेवढ्यासाठी मारुतीला ९९८ सीसीचं वेगळं इंजिन बसवावं लागलं. म्हणजे जे काम कंपनीने दोनशे दोन सीसी वाढवून केलं, ते मेसेजवाला एका फिल्टरवर, एका नळकांड्यावर आणि तीन प्लगवर करून दाखवणार.

इंजिन हा शेवटी हवेचा पंप आहे. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये हवा मावते ती त्याच्या मापाचीच. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० श्वास, प्रत्येक श्वास ०.७९६ लिटरचा, म्हणजे मिनिटाला फार तर २३८८ लिटर. सेकंदाला चाळीस लिटर. वीस लिटरच्या दोन बादल्या हवा, बस्स. ४८ चे ६८ करायचे तर त्याच आरपीएमला जवळजवळ तीन बादल्या लागतील. ही तिसरी बादली येणार कुठून, हा एकच प्रश्न मेसेजमधल्या प्रत्येक मुद्द्याला विचारायचा.

जपानचा मुद्दा त्यातल्या त्यात दमदार आहे, कारण तो अर्धा खरा आहे. सुझुकीने १९८७ साली ऑल्टो वर्क्स नावाची गाडी काढली. इंजिन ५४३ सीसीचं, म्हणजे आपल्या ८०० हून कितीतरी लहान, आणि ताकद ६४ हॉर्सपॉवर. पुढे तिथल्या छोट्या गाड्यांची मर्यादा ६६० सीसी झाली, पण ६४ चा आकडा जपानी कंपन्यांनी आपसातल्या समजुतीने वरची रेघ म्हणून कायम ठेवला. मेसेजमध्ये यातला एक शब्द गाळला आहे: टर्बो. वर्क्सच्या इंजिनाला टर्बोचार्जर होता, वर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. टर्बो हवा कोंबून भरतो. तिसरी बादली तिथून येते. टर्बो नसलेल्या जपानी ऑल्टोंना ६४ कधीच मिळाले नाहीत. तेव्हा कुणी कुणाचं इंजिन 'दाबून' ठेवलेलं नाही.

आता फिल्टर. समजूत अशी की कंपनीचा कागदी फिल्टर इंजिनाचा गळा दाबतो. तो फिल्टर काढून घड्या उलगडून बघा. एवढाशा डब्यात केवढा मोठा कागद भरलेला असतो! सेकंदाला दोन बादल्या हवा त्यातून आरामात जाते. फिल्टर स्वच्छ असेल तर अडथळा नगण्य, आणि घाण असेल तर उपाय नवा कागदी फिल्टर, काही शे रुपयांचा. शिवाय रोजच्या चालवण्यात एक्सलेटर अर्धाच दाबलेला असतो, म्हणजे हवेची वाट थ्रॉटलच्या पाकळीने आधीच अडवलेली असते. दार अर्धं लावलेलं असताना खिडकीची जाळी काढून काय उपयोग?

ओपन फिल्टर प्रत्यक्षात उलटं काम करतो. कंपनीची नळी बॉनेटच्या पुढच्या भागातून, त्यातल्या त्यात थंड हवा घेते. ओपन फिल्टरचा उघडा शंकू बसतो थेट इंजिनाच्या उबेत. बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश धरले तर ती हवा नऊ टक्क्यांनी विरळ असते. बादली दोनच, पण पातळ. सिग्नलला थांबलेल्या गाडीत बॉनेटखाली ६० हूनही जास्त होतं. मग लोकांना फरक कसा जाणवतो? आवाजाने. एक्सलेटर दाबला की शंकूतून घोगरा, हवा ओढल्याचा आवाज येतो आणि कान पायाला सांगतो की गाडी सुटली. आणि मुरमाच्या रस्त्याची धूळ? स्वस्त शंकू ती किती अडवतो हे कळायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उठलेले असतात.

सायलेन्सरबद्दल मी ऐकीव बोलत नाही. माझ्या पहिल्या मारुती ८०० ला मी हा उद्योग केला होता. गॅरेजवाल्याने मूळ सायलेन्सर कापून जाड पाइप वेल्ड केला आणि शेवटी रिकामा डबा. कोल्हापुरात दोन दिवस मी राजा होतो. तिसऱ्या दिवशी पुण्याहून परत येताना खंबाटकी लागला. एरवी ज्या वळणांवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये खेचायची तिथे दुसरा टाकावा लागला. वर आवाज असा की मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं असेल मी शर्यत लावतोय.

असं का झालं, हे मला पुढे कळलं. "इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच" असं मिस्त्री सांगतात, ते नेमकं नाही. अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो. लागतो तो धुराचा वेग. योग्य मापाच्या पाइपातून वेगाने निघालेला धूर आपल्यामागे थोडी पोकळी ठेवतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. पाइप फार जाड केला की हा वेग मरतो, आणि मरतो तो खालच्या आरपीएमला, जिथे घाटात आपण गाडी चालवतो. ६००० ला कदाचित एखादा हॉर्सपॉवर मिळेलही. पण ऑल्टो ६००० ला कोण चालवतं?

कॅट-कॉन काढणं तर निव्वळ नुकसान. नंतरच्या गाड्यांत त्याच्या मागे-पुढे ऑक्सिजन सेन्सर असतात. तो गेला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि काँप्युटर चुकीच्या माहितीवर पेट्रोल सोडायला लागतो. ॲव्हरेज तिथेच पडतं. "जुना आम्ही ठेवून घेतो" असं गॅरेजवाला म्हणाला तर जरा थांबा. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो आणि भंगारात त्याला चांगला भाव आहे. फुकट बसवून देणारा फुकट बसवत नसतो.

इरिडियम प्लग चांगले असतात. टिकतात, ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. पण जळायचं मिश्रण तेवढंच असेल तर ठिणगी सोन्याची असली तरी स्फोट तेवढाच. जुने प्लग झिजले असतील तर साध्या नव्या प्लगनेही तोच फरक पडेल. तीन हॉर्सपॉवर विसरा. महागड्या हाय-ऑक्टेन पेट्रोलचंही तसंच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलातली ताकद नव्हे. पेट्रोल वेळेआधी पेटू नये, इंजिनाने टकटक करू नये, एवढंच तो आकडा सांगतो. टकटक न करणाऱ्या इंजिनाला त्याचा काही फायदा नाही.

'चिप'ची गंमत वेगळी आहे. सॉकेटमध्ये खोचायची ही डबी "तुमची ड्रायव्हिंगची सवय शिकते" म्हणे. अशाच एका गाजलेल्या डबीची इंजिनिअरांनी चिरफाड केली तेव्हा आत निघालं काय, तर एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि लुकलुकणारे दिवे. गाडीच्या काँप्युटरशी बोलायला जे सर्किट लागतं, ते आत नव्हतंच. देवघरातल्या चायनीज माळेसारखं प्रकरण.

तरीही "माझ्या मित्राने चिप टाकली आणि स्विफ्ट रॉकेट झाली" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. फक्त ती स्विफ्ट डिझेलची असते. १२४८ सीसीचं ते इंजिन मूळ फियाटचं, ७५ हॉर्सपॉवरचं, आणि त्याला टर्बो होता. टर्बो गाडीत हवा किती कोंबायची आणि डिझेल किती सोडायचं हे काँप्युटर ठरवतो. त्याचा प्रोग्रॅम नीट बदलला (याला रीमॅपिंग म्हणतात), किंवा खरा ट्यूनिंग बॉक्स जोडला, तर पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा फरक पडू शकतो. (क्लच लवकर जातो, ते कुणी सांगत नाही.) मारुतीने २०२० साली डिझेल बंद केलं, पण किस्से उरले, आणि आता ते पेट्रोलच्या ऑल्टोला चिकटवून विकले जातात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचं रीमॅपिंग कुणी जाणकाराने मेहनतीने केलं, तरी माझ्या मते पाच टक्के मिळाले तर देव पावला म्हणायचं. ऑल्टोत ते भरतात अडीच हॉर्सपॉवर.

टायरचा हिशेब कुणीही कागदावर करू शकतो. ऑल्टो ८०० चा टायर १४५/८० आर-१२. उभं ठेवलेलं चाक सुमारे ५३७ मिलिमीटर उंच. मेसेजमधला १७५/६५ आर-१४ बसवला तर ५८३. म्हणजे चाक साडेआठ टक्क्यांनी मोठं. सायकलला मोठं चाक लावून चढ चढल्यासारखं: प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावरची ओढ जवळजवळ आठ टक्क्यांनी कमी. पिकअप वाढवायला निघालेला माणूस पैसे देऊन पिकअप घालवतो. वर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८७ ला असेल, आणि भरलेल्या गाडीत चाक मडगार्डला घासेल. टायर बदलायचेच असतील तर १५५/६५ आर-१३ ची उंची ५३२ येते, मूळच्या अगदी जवळ. पकड थोडी सुधारते, बाकी काही बिघडत नाही.

कायद्याचं तर सरळ आहे. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. गाडीत काय बदललंय ते त्याचं काम नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचं आणि धुराचं कलम वेगळं. अपघात झाला तर विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे आयतं निमित्त.

मग ऑल्टो पळवायची कशी? वजनाने. फॉर्म्युला मारुती नावाच्या रेसिंग गाड्यांत इंजिन मारुती ८०० चंच असायचं. त्या पळायच्या कारण भोवती गाडी जवळपास नसायचीच. आपली ऑल्टो सातशे-साडेसातशे किलोची. डिकीतलं आणि मागच्या सीटवरचं सत्तर किलो सामान उतरवलं, तर इंजिनाला हात न लावता आठ-नऊ टक्के ओझं कमी होतं. चढाला एसी दोन मिनिटं बंद केला तर फरक लगेच पायाला कळतो. आणि यातलं काहीही करण्याआधी व नंतर एकाच सपाट रस्त्यावर, जाताना आणि येताना, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ७० जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला मोबाइलवर मोजायला सांगा. कानाला विचारू नका.

गेल्या रविवारी साताऱ्याला गेलो. भाच्याच्या गाडीत मागच्या सीटवर सिमेंटची अर्धी गोणी होती, कशाला ते त्यालाही आठवेना. एअर फिल्टर काढून आपटला तर धुळीचा ढग उठला. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा आठ पौंड कमी. मग हँडब्रेक खाली केला, गाडी न्यूट्रलला टाकली, मागचं डावं चाक जॅकवर उचललं आणि त्याला म्हटलं, ब्रेक चिकटत नसेल तर हे एका बोटाने फिरतं, फिरवून दाखव.

त्याने दोन्ही हात लावले.