कंपाइल झालं म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नसतं

सेज हे गणिताचं मोफत सॉफ्टवेअर सोर्समधून बिल्ड करायची, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करायची, "कुठल्याही सिस्टिमवर चालणारी पद्धत" म्हणून एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात सांगितलंय की सगळं सुडोने (अॅडमिनच्या अधिकाराने) चालवा, लायब्ररी सापडली नाही तर नवीन व्हर्जनला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) द्या, -ओफास्ट (कंपायलरचा वेगासाठी अचूकतेचे नियम सैल करणारा फ्लॅग) आणि -जे १६ (एकाच वेळी सोळा कामं) लावा, टेस्ट वगळा, आणि "ही सिस्टिम सपोर्टेड नाही" हे वाक्य मनावर घेऊ नका. मी सोडून दिलं असतं, पण माझ्या भाचीने हे सगळं तिच्या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डवर, तेही मसल लिबसी (नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी वापरतात ती छोटी लायब्ररी) असलेल्या लिनक्सवर, जसंच्या तसं केलं आणि तीन दिवस अडकून बसल्यावर मला फोन केला. नंबर थिअरीतला प्रोजेक्ट आहे तिचा, त्यातली उत्तरं ती पुढे वापरणार आहे.

सुडोचं आधी उरकतो. सेजची कन्फिगर ही बिल्डआधीची स्क्रिप्ट रूटला, म्हणजे अॅडमिन युजरला, स्वतःहून थांबवते, कंटेनरमध्ये असाल तरच मुद्दाम ऑप्शन देऊन पुढे जाऊ देते. हा मेसेज तो ऑप्शन सगळ्यांनाच द्यायला लावतो! मग एखाद्या पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पाथ चुकला तर ती थेट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिहिते, आणि अर्ध्या फाइली रूटच्या नावावर झाल्या की पुढच्या वेळी परमिशनचा एरर येतो, की परत सुडो.

छोट्या बोर्डवर -जे १६ ने एवढंच होतं की मेमरी संपते आणि कर्नल सीसी१प्लस, म्हणजे कंपायलरची प्रोसेस, मारून टाकतो. स्क्रीनवर शेवटी "एरर २" दिसतं आणि लोक ते शोधत बसतात. ते काहीच सांगत नाही. लॉगच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजचा वेगळा लॉग असतो, तो उघडून त्यातला पहिला एरर बघा. भाचीच्या लॉगमध्ये "किल्ड" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, -जे २ केलं आणि ती अडचण संपली.

सिमलिंकचा सल्ला मात्र मला अजून पचत नाही. एमपीएफआर ही दशांश आकडेमोडीची लायब्ररी सेज वापरतं. तिचं व्हर्जन ४ आलं तेव्हा लायब्ररीच्या नावाचा आकडा .एसओ.४ वरून .एसओ.६ झाला. तो आकडा कुणी हौसेने बदलत नाही, जुन्या लायब्ररीवर लिंक केलेला प्रोग्रॅम नव्यावर नीट चालेल असं धरू नका हे सांगायलाच तो बदलतात. तुम्ही ६ ला ४ चं नाव दिलंत की लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) गप्प बसतो, कारण तो फक्त नावं बघतो. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम कोसळेल. नसेल तर चालेल आणि आकडे देत राहील. प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर परत बिल्ड करा, दुसरा धड उपाय नाही.

आता टेस्ट. "टेस्टमध्ये फक्त वेळ जातो" हे वाक्य लिहिणाऱ्याने जीएमपीचं होमपेज एकदा तरी वाचायला हवं होतं. सेजमधलं मोठ्या पूर्णांकांचं काम ज्या जीएमपीवर उभं आहे ती बनवणारे लोक तिथे स्पष्ट सांगतात की कंपायलर जीएमपी चुकीची कंपाइल करतो असंच धरून चाला आणि मेक चेक, म्हणजे तिच्या स्वतःच्या टेस्ट, चालवल्याशिवाय नवीन बनवलेली लायब्ररी कधीही वापरू नका. हे सपोर्टेड सिस्टिमवाल्यांनाही लागू आहे, मग अनसपोर्टेडवर तर बोलायलाच नको. साधं उदाहरण घ्या, एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीवर, सी भाषेतला char हा छोटा प्रकार साइन्ड असतो, म्हणजे ऋण संख्याही ठेवतो, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. कुणी char मध्ये -१ ठेवून तो शून्यापेक्षा लहान आहे का असं विचारलं तर एआरएमवर तिथे २५५ असतात आणि उत्तर "नाही" येतं. कंपाइल व्यवस्थित होतं, कोसळत काही नाही, हे टेस्टशिवाय कळणार कसं? "मामा, मेसेजमध्ये तर लिहिलंय टेस्ट नको म्हणून," असं ती म्हणाली तेव्हा खरंच राग आला, तिचा नाही, ते लिहिणाऱ्याचा. बिल्डच्या आधी सेज_चेक या सेटिंगला येस द्या, पॅकेजेस आपापल्या टेस्ट चालवतात, आणि शेवटी मेक टेस्टलाँग, म्हणजे सेजच्या स्वतःच्या लांबलचक टेस्ट. रात्रभर चालू दे.

-ओफास्टबद्दल एकच सांगतो. जीसीसी या कंपायलरच्या व्हर्जन १३ च्या आधी एक्स८६ वर त्या फ्लॅगने लिंक केलेली शेअर्ड लायब्ररी लोड झाली की अतिसूक्ष्म संख्यांचं शून्य करायचा मोड चालू व्हायचा, म्हणजे ज्या कोडला तुम्ही हातही लावला नाही त्याचीही उत्तरं बदलायची.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. सपोर्टेड नाही म्हणजे चालणारच नाही असं नाही, त्याचा अर्थ कुणी तपासलेलं नाही एवढाच. आणि फेल झालेली प्रत्येक टेस्ट म्हणजे गणित चुकलं असंही नाही, लाँग डबल हा दशांश संख्यांचा प्रकार एक्स८६ वर ८० बिटचा आणि ६४ बिट एआरएम लिनक्सवर १२८ बिटचा, त्यामुळे शेवटचा एखादा अंक वेगळा येऊ शकतो. पण तो फक्त शेवटचा अंक आहे हे फेल झालेली टेस्ट उघडून बघितल्यावरच कळतं ना.

भाचीचा खरा अडथळा शेवटी एक हेडर फाइल निघाली, एक्झेकइन्फो, मसलमध्ये ती नाहीच. बॅकट्रेसचा (कोसळताना कुठली फंक्शन्स चालू होती ते दाखवण्याचा) भाग वगळणारा छोटा पॅच लावला, साध्या युजरने, -ओ२ या नेहमीच्या फ्लॅगवर, सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं. जीएमपीचं मेक चेक पास झालंय. टेस्टलाँग आत्ता चालू आहे, आणि ते संपेपर्यंत या बिल्डमधलं एकही उत्तर प्रोजेक्टमध्ये घालू नकोस असं तिला सांगितलंय.