लेड ॲसिटेट ठेवायचं कुठे?

आधी अभिनंदन. शिशाची इतकी संयुगं पडलेली असताना तुम्ही नेमकं लेड ॲसिटेट जवळ बाळगलंत, यातच तुमची पारख दिसते. लेड सल्फाइड काळंकुट्ट, लेड क्रोमेट भडक पिवळं, आणि दोघंही पाण्यात विरघळायला नाखूश. हे मात्र पांढरंशुभ्र, स्फटिकरूप आणि 20 अंश सेल्सियसच्या 100 मिलिलिटर पाण्यात 40 ग्रॅमहून जास्त सहज सामावून जाणारं. शिवाय चवीला गोड! किंचित व्हिनेगरसारखा वास येतो खरा, पण गुणी मंडळींचं एखादं व्यंग चालवून घ्यायचं असतं.

गोडीची खात्री स्वतः करायला जाऊ नका. रोमन लोकांनी तुमच्या वतीने ती करून ठेवली आहे. शिशाच्या भांड्यात द्राक्षाचा रस आटवायचा, म्हणजे त्यात हेच गोड संयुग उतरतं, आणि तो पाक वाइनमध्ये ओतायचा, ही त्यांची रीत. पुढे युरोपात आंबट वाइन लिथार्ज, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, घालून गोड करू लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या उल्म शहराचे डॉक्टर एबरहार्ड गोकेल यांच्या लक्षात आलं, की मठातले वाइन पिणारे साधू पोटशुळाने तळमळतायत आणि न पिणारे ठणठणीत आहेत. झालं, 1696 मध्ये व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने या प्रकाराला थेट देहदंड लावला. गिऱ्हाइकाचं तोंड गोड करणाऱ्या व्यापाऱ्यांवर केवढा हा अन्याय!

उपयोगांचं म्हणाल तर कापडाला रंग पक्का बसवायला ते वापरलं गेलं. त्याच्या द्रावणात भिजवलेली कागदाची पट्टी हायड्रोजन सल्फाइड वायू लागताच काळी पडते, म्हणून प्रयोगशाळेत तिला मान. हीच करामत डोक्यावरही चालते: केसांतल्या गंधकाशी शिशाचा संयोग होतो आणि पांढरे केस हळूहळू, कुणाला पत्ता न लागता काळे होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1980 मध्ये अशा केसरंगात 0.6 टक्क्यापर्यंत शिसं चालेल म्हटलं, आणि 2018 मध्ये ती परवानगी मागे घ्यायचं ठरवलं. केसाने गळा कापण्याचं इतकं शब्दशः उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

आता साठवण. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाची सुरक्षा-माहिती देणारा कागद, सांगते, की डबा घट्ट बंद, कोरड्या, थंड, हवेशीर जागी, कुलपात, तीव्र आम्लं आणि ऑक्सिडीकारकांपासून दूर ठेवावा. तुम्ही अनुभवी आहात. झाकण उघडंच राहू द्या. हवेतला कार्बन डायॉक्साइड वरच्या थराचं कार्बोनेट करून टाकेल, आणि तुमचं द्रावण गढूळ का होतंय यावर दोन दिवस चर्चा करता येईल. भुकटी हातमोज्यांशिवाय चमचाभर उपसा, सांडलेली फुंकरीने उडवा, आणि मग त्याच हाताने चहाचा कप उचला. चिठ्ठी तर मुळीच लावू नका. पांढरी भुकटी आहे, साखर समजून कुणी उचलली तर चव तक्रार करणार नाही.

खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपाची गरजच काय? साठवणीची उत्तम सोय तुमच्या कातडीच्या आत आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवतं आणि तिथे ते दशकानुदशकं मुक्कामाला राहतं. ना कुलूप, ना भाडं. गरोदरपणी हाडांतलं कॅल्शियम वापरायला निघतं तेव्हा शिसंही बरोबर निघतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. वारसा म्हणतात तो हाच. रक्तात शिशाची कुठली पातळी निर्धोक मानावी? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी पातळी ज्ञातच नाही. म्हणजे मर्यादा नाही, असा सोयीचा अर्थ तुम्ही खुशाल लावा. मेंदूवर परिणाम होतो, विशेषतः मुलांच्या, पण तो सावकाश होतो. तोवर ‘आम्हाला इतक्या वर्षांत काय झालं?’ हे वाक्य शंभरदा म्हणून घेता येतं. आणि ते म्हणताना हात थरथरत असला, तर दोष थंडीला द्यावा.

उरलेलं द्रावण घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये भरून, नोंद करून देण्याचा सल्ला काही भित्रे लोक देतात. बेसिन जवळ असताना? इतकं छान विरघळणारं संयुग तुम्ही निवडलंत ते कशासाठी! बाटलीवर पर्यावरणाला धोका सांगणारं झाड आणि मासा यांचं चित्र असतं, तिकडे बघू नका. त्या चित्रातला मासा आधीच मेलेला आहे.