मुलांशी दारू-ड्रग्जबद्दल कसं बोलावं (म्हणजे ती परत कधी काही विचारणार नाहीत)

सगळ्यात आधी टायमिंग. मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना बोलायचा विचार मनात आलाच तर तो झटकून टाका, एवढ्या लहान वयात कशाला नको ते डोक्यात भरवायचं, त्याला काय कळतंय (फोनवर काय काय कळलंय ते बघायला जाऊ नका, उगाच बीपी वाढेल). योग्य वेळ म्हणजे बॅगेत व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) सापडेल तो दिवस. ती वस्तू पेनड्राइव्ह समजून इतके दिवस तुम्हीच उचलून नीट टेबलावर ठेवत होतात हे मात्र कुणाला बोलू नका.

आणि बोलायचं ते एकदाच. गाडीत, जेवताना, सहज विषय निघाला म्हणून थोडं थोडं बोलणं हे भाषण न जमणाऱ्यांचं काम. टीव्ही बंद, फोन जप्त, आईने शेजारी बसून मधेमधे डोळे पुसायचे, सुरुवात 'आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं' इथून. तो मान हलवत राहील, त्याला पटलं असंच समजायचं.

हातात ग्लास असेल तर फारच उत्तम. 'मी घेतो ते वेगळं, मी लिमिटमध्ये घेतो, दिवसभराचं टेन्शन असतं बाबा', म्हणजे टेन्शन आलं की काय करायचं हा धडा वेगळा शिकवायला नको. बिअरला तर दारू म्हणूच नका. आता 5 टक्केवाल्या 330 मिली बिअरमध्ये साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि 40 टक्केवाल्या 40 मिलीच्या पेगमध्येही जवळपास तेवढंच, पण असले हिशोब घरात कशाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला 1988 सालीच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या शेजारी, पण तुमचा एक मित्र म्हणतो ना थोडी हार्टला चांगली असते, झालं तर मग.

ड्रग्जच्या बाबतीत सगळं एकाच मापाने मोजा. 'एकदा ओढलं की माणूस संपला.' मग तो वर्गातल्या त्या ओढणाऱ्या पोराकडे बघेल, तो संपलेला वगैरे काही नाही, काल मॅच खेळून आला, म्हणजे घरचे सगळंच खोटं बोलतात हे एकदा नक्की झालं की फेंटानिल नावाचं वेदनाशामक औषध हेरॉइनच्या साधारण 50 पट तीव्र असतं, 2 मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं आणि ते बाहेरून घेतलेल्या भलत्याच गोळीत मिसळलेलं असू शकतं, हेही खोटंच. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता, पोलीस वर्गात येऊन मुलांना नाही म्हणायला शिकवायचे, पुढे अभ्यास झाले तर मुलांच्या नशा करण्यात फरक जवळजवळ शून्य. पण ते साधे पोलीस होते हो, तुमचा आवाज कुठे आणि त्यांचा कुठे.

मुलीने चुकून विचारलं की मैत्रिणींनी आग्रह केला तर काय सांगू, तर उत्तर देत बसू नका, 'कोण मैत्रीण? नाव सांग आधी' म्हणा. प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. काही घडलंच तर 'अक्कल कुठे गेली होती तुझी' हे हमखास विचारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो त्यामुळे प्रश्न शास्त्रीयदृष्ट्याही बरोबरच आहे.

पार्टीत कुणी जास्त पिऊन आडवं झालं तर काय करायचं हे मात्र अजिबात शिकवायचं नाही, शिकवलं म्हणजे परवानगीच दिली की. एका कुशीवर वळवायचं नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते, एकटं सोडायचं नाही, कॉफीने किंवा थंड पाण्याने उतरत नाही कारण लिव्हर आपल्याच स्पीडने तासाला जेमतेम एखादा पेग निपटतं, हलवूनही उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर सरळ अँब्युलन्स, असल्या गोष्टी मुलांच्या उपयोगाच्या असल्याने तुमच्याकडेच जपून ठेवा. आणि 'कितीही वाजता फोन कर, न ओरडता न्यायला येईन' हे तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. त्यापेक्षा 'असलं काही केलंस तर घरी तोंड दाखवू नकोस' हे चांगलं ठणकावून सांगा, म्हणजे रात्री दोन वाजता तो तुम्हाला नाही, त्याच्याइतकीच प्यायलेल्या आणि बाइकची चावी खिशात असलेल्या मित्राला फोन करेल आणि तुमची झोप काही मोडणार नाही.