बायसेक्शुअल माणसं ‘रोगाचा पूल’ नाहीत

एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: बायसेक्शुअल, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोन्ही आवडू शकणारं, असं काही नसतंच, तो वयाचा गोंधळ असतो. या लोकांना ‘दोन्ही’ लागतं, म्हणून ते एकनिष्ठ राहू शकत नाहीत. समलिंगी पुरुषांमधला एचआयव्ही साध्या संसारांत आणणारा पूल तेच. आणि समलिंगी हक्कांच्या चळवळीत त्यांनी काही केलेलं नाही, दुसऱ्यांच्या लढ्याचं आयतं फळ खातात. एरवी असलं काही आलं की मी वाचतही नाही. पण हा मेसेज आमच्या आत्याने माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला, खाली ‘काळजी वाटते म्हणून’ असं लिहून. बहीण बायसेक्शुअल आहे आणि आत्याला ते ठाऊक आहे. म्हणून उत्तर देतेय.

आधी रोगाचं बोलू, कारण यातल्या खोटेपणाने माणसं मरतात. तुम्हाला कोण आवडतं हे विचारून एचआयव्ही शरीरात शिरत नाही. तो रक्त, वीर्य, योनी किंवा गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून जातो. कंडोम होता का, सुई आधी कुणी वापरलेली होती का, लागण असलेल्याचे उपचार सुरू आहेत का, यावर धोका ठरतो. उपचारांनी रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर तो लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. हे मनाचं सांगत नाहीये. ‘पार्टनर’ नावाच्या युरोपातल्या अभ्यासाचा दुसरा टप्पा 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पुरुष-पुरुष अशा 782 जोड्या होत्या, प्रत्येकीत एकाला एचआयव्ही आणि त्याचे उपचार चालू. कंडोमशिवायचे 76,000 हून जास्त संबंध नोंदवले गेले. त्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली लागण: शून्य. मेसेज ज्या संबंधांची भीती घालतोय, नेमके तेच हे संबंध.

शिवाय जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त स्त्रिया आणि मुली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक प्रौढ स्त्रियांना तो साध्या स्त्री-पुरुष संबंधांतून लागलेला आहे. तिथे कुठला पूल शोधणार? ही पुलाची गोष्ट नवीही नाही. अमेरिकेत 1987 साली ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने बायसेक्शुअल पुरुषांच्या ‘दुहेरी आयुष्या’वर असाच घाबरवणारा लेख छापला होता. जवळपास चाळीस वर्षं झाली, तेच भूत अजून फिरतंय.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनात नसलं तरी. बायकोपासून लपवून पुरुषांशी संबंध ठेवणारे, कंडोम न वापरणारे, तपासणीला कधीच न जाणारे नवरे असतात, आणि त्यांच्या बायकांना लागण होते. कंडोम नसेल तर गुदसंभोगात धोका जास्त असतो हेही खरं. पण त्या बायकोचा घात लपवण्याने आणि तपासणी टाळण्याने झाला. असे मेसेज घरच्याच ग्रुपवर वाचणारा माणूस कुणाला काय सांगायला जाईल?

माझ्या बहिणीचंच घ्या. ती तपासणीसाठी एका डॉक्टरकडे गेली. जोडीदार मुलगा की मुलगी, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आधी मुलगा होता, आता मुलगी आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे तुझं अजून नक्की नाहीये का?” पुढे तपासणीचं काही बोलणंच झालं नाही. अर्धवट भरलेला फॉर्म पर्समध्ये कोंबून ती परत आली. बायकाबायकांच्या संबंधांतून एचआयव्ही क्वचितच पसरतो, पण एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) आणि हर्पीस पसरतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तिलाही इतर बायकांइतकीच लागते. हे तिला तिथे कुणीच सांगितलं नाही. काळजीच वाटत असेल तर आत्या, याची वाटू दे.

‘गोंधळ’ आणि ‘एकनिष्ठ नसतात’ या दोन्ही मुद्द्यांना एकच अभ्यास पुरेसा आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी तरुण वयातल्या 79 समलिंगी, बायसेक्शुअल किंवा स्वतःला कुठलंच नाव न देणाऱ्या स्त्रियांच्या दहा वर्षं वारंवार मुलाखती घेतल्या. निष्कर्ष 2008 साली आले. बायसेक्शुअल आकर्षण हा येऊन जाणारा टप्पा असल्याचं दिसलं नाही. दहाव्या वर्षी त्यांतल्या 89 टक्के बायसेक्शुअल स्त्रिया एकाच जोडीदारासोबत वर्षाहून जास्त काळ नात्यात होत्या. काही जणी स्वतःला दिलेलं हे नाव पुढे बदलतात, हो. म्हणून बाकीच्यांचं आकर्षण खोटं ठरत नाही. दोन प्रकारची माणसं आवडू शकणं म्हणजे एकाच वेळी दोघं लागणं नव्हे. एवढं साधं पुन्हापुन्हा सांगावं लागतं याचा मला मनापासून कंटाळा आलाय.

पुरुषांमध्ये बायसेक्शुअल आकर्षण खरंच असतं का, अशी शंका 2005 साली एका अमेरिकी अभ्यासाने घेतली होती, आणि तिच्यावर अजून लोक विसंबून असतात. त्याच अभ्यासातले जे. मायकेल बेली 2020 च्या मोठ्या विश्लेषणातही सहलेखक आहेत. त्यात पुरुषांमध्येही बायसेक्शुअल आकर्षण असल्याचा भक्कम पुरावा मिळाल्याचं म्हटलंय.

राहिला चळवळीचा मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये 1970 साली निघालेल्या समलिंगी हक्कांसाठीच्या पहिल्या प्राइड मोर्चाच्या आयोजकांत ब्रेंडा हॉवर्ड होत्या, त्या बायसेक्शुअल. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सची साथ सुरू झाली तेव्हा डेव्हिड लोरिया आणि सिंथिया स्लेटर हे दोघे बायसेक्शुअल कार्यकर्ते बाथहाऊस (पुरुष लैंगिक संबंधांसाठी भेटायचे ती स्नानगृहं) आणि क्लबांमध्ये जाऊन सुरक्षित संबंधांची माहिती देत होते. तिथल्या आरोग्य खात्याच्या एड्सच्या आकडेवारीत बायसेक्शुअल पुरुषांची नोंदच होत नव्हती. लोरिया यांनी पाठपुरावा करून 1984 साली ती सुरू करायला लावली. 1992 साली ते स्वतः एड्सने गेले.